ड्रॉइंगमास्तरांची लाल पेन्सिल

आमच्या सरांना चित्रकला अजिबात येत नव्हती. तरी नवी मुंबईतल्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सगळी माणसं त्यांना पाठीमागे ड्रॉइंगमास्तर म्हणायची. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन असलं की सर आदल्या दिवशी एमआरआयच्या फिल्म उजेडाला लावून बसत आणि औषधकंपनीच्या फुकट पॅडवर मानेचे सात मणके काढत. मणके कसले, दुधीच्या फोडी दिसायच्या. मग लाल पेन्सिलीनं दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, एकेका मणक्यापाशी थांबत.

चित्र पुरं होईपर्यंत रिपोर्ट पाकिटातून काढायचा नाही, हा त्यांचा नियम. "रिपोर्ट लिहिणारा हुशारच असतो गं," ते म्हणत, "पण उद्या मानेत हात त्याचा नसतो, आपला असतो." मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होते आणि स्वतःला बरीच हुशार समजत होते. मला तो सगळा वेळकाढूपणा वाटायचा.

त्याच सुमारास घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहणारे एक मामा दाखल झाले. मूळचे साताऱ्याकडचे. उभा जन्म मार्केटमध्ये गोण्या वाहण्यात गेला होता. मज्जारज्जू दबून बोटं इतकी बधिर झाली होती की शर्टाचं बटण लागत नव्हतं. सरांनी तयारी माझ्यावर सोपवली. मी सरळ रिपोर्ट वाचला, मज्जारज्जू कुठे दबलाय ते पाहिलं आणि गळ्याच्या बाजूनं जाऊन पाचवा मणका कोरायचा, असं लिहून टाकलं. चित्र काढलं नाही.

दुपारी सरांनी ते स्वतः काढायला घेतलं. डाव्या बाजूची पेन्सिल पाचव्या मणक्यापाशी थांबली. तिथली रक्तवाहिनी कडेच्या आपल्या नेहमीच्या भोकातून सरळ वर जायची सोडून वळण घेऊन मणक्याच्या आत, मध्याकडे शिरली होती. उजवीकडची अगदीच बारीक, म्हणजे सगळी भिस्त हिच्यावरच. रिपोर्टात याबद्दल अक्षर नव्हतं.

"ड्रिल इथेच लावणार होतीस ना?" सरांनी हळू विचारलं.

मी मान हलवली. मामा टेबलावरून जिवंत उतरले नसते, हे दोघांनाही कळत होतं. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकललं, रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन करून घेतला आणि मानेच्या मागून जाऊन जागा मोकळी करायची, पुढच्या बाजूला हातच लावायचा नाही, असं ठरवलं. मग म्हणाले, "आता मामांना सांगून ये, तारीख का बदलली ते."

"मशीन बिघडलं होतं म्हणून सांगते."

"मशीन चांगलं आहे," सर म्हणाले.

मी वॉर्डात गेले आणि खरं ते सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी तुमाला दिसलं नव्हतं."

"नाही. सरांना दिसलं."

"मग आता त्येच करनार न्हवं?"

मी हो म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. खाली येऊन सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नाही, तूच करायचंस. मी समोर उभा असेन. आज तू घाबरलीस. न घाबरणाऱ्याच्या हाती मी कुणाची मान देत नाही."

पुन्हा जिना चढून तेही सांगावं लागलं. मामांनी माझे हात नीट न्याहाळले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला सुटल्यासारखंच झालं असतं. शेवटी म्हणाले, "मोठं डॉक्टर हुबं ऱ्हानार असतील, तर करा."

ऑपरेशनभर सर समोर उभे होते, हात मात्र माझेच. त्या रक्तवाहिनीला धक्का लागला नाही. काही आठवड्यांनी मामा तपासायला आले, तेव्हा त्यांनी गळ्याजवळचं बटण लावून दाखवलं. त्याला चांगला वेळ लागला, पण सरांनी मला मदत करू दिली नाही.

पुढे सरांचा हात थरथरायला लागला. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं आणि ऑपरेशनं बंद केली. गेल्या वर्षी ते गेले. मला त्यांची फार आठवण येते.

आता माझ्या हाताखाली मुलं शिकतात. मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटत, असं ती कौतुकानं विचारतात. वाटते, म्हणून सांगते. दर वेळी वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मी हातमोजे काढून ठेवीन.