दुपारपर्यंतची रांगोळी

अक्का वेळ सांगायची ती दारातल्या रांगोळीवरून. "पोस्टमन कधी येऊन गेला?" असं विचारलं, तर म्हणे, "उजवी पाकळी होती तेव्हां." आम्हाला त्यातून काही कळायचं नाही, पण तिला पक्कं कळायचं. इथे तमिळ मुलखात, मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, बरोब्बर वळणावर तिचं घर. सहा वर्षांच्या पोरीपासून साठीच्या माणसापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत.

पहाटे सडा घालून ती तांदळाच्या पिठाने रांगोळी काढी आणि काप्पीने भरलेली डबरा-वाटी घेऊन तिण्णैवर बसे. तिण्णै म्हणजे घराबाहेरचा ओटा. आमच्या गल्लीत अजून बहुतेक घरांना आहे. तिथून तिचा पहारा सुरू. "पायानं पुसली तर पाहुणा आला म्हणायचं, मुंगीनं खाल्ली तर पुण्य घडलं. चाकानं पुसली तर मात्र मी सोडायची नाही!"

आणि खरंच सोडत नसे. एकदा टाय लावलेला एक तरुण मोटारसायकलने रांगोळीवरून भर्रकन गेला. अक्काने अशी हाक मारली की बिचारा परत फिरला. "तुझ्या अम्मानं काढलेली असती तर असाच गेला असतास?" तो ओशाळून खाली बसला आणि बोटाने वेडीवाकडी पाकळी भरू लागला. मग अक्काने त्याला काप्पी पाजली. त्याला ऑफिसला उशीर झाला असणार. तिच्या मते तो त्याचा प्रश्न होता. पुढे तो वळणावर गाडी हातात धरून चालत जाई.

पण हाका माराव्यात तरी किती जणांना? मोठा रस्ता टाळून बसस्टँडला जायला आमची गल्ली जवळची, हे सगळ्या गावाला कळलं होतं. अशीच एक गाडी वळणावरून आली आणि समोरच्या वीणामामांना उडवून गेली. मामा रोज दुपारी चारला गल्ली ओलांडून अक्काच्या तिण्णैवर यायचे. गप्पा कमी, भांडणं जास्त. मोगऱ्याचं रोप कुणी कुणाला दिलं यावर तर चाळीस वर्षं वाद चालू होता. मामांचा मोडलेला पाय जुळला, भीती काही गेली नाही. ते आपल्या दारात बसून राहत, अक्का आपल्या. दहा पावलांची गल्ली, पण जणू मध्ये कावेरी भरून वाहत होती.

"भांडायलाहि कोणी उरलं नाही गो," असं ती एकदा मला म्हणाली. तिला इतकं एकटं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास गल्लीच्या नव्या रस्त्याचा नकाशा आला. देवळाच्या मंडपात सभा भरली. तिण्ण्या तोडायच्या, वळण सरळ करायचं, रस्ता रुंद करायचा, असा बेत होता. एकाला मोटार लावायला जागा हवी होती, दुसऱ्याला गिऱ्हाइकाची काळजी होती. तिसऱ्याला राजांची गल्ली म्हणून तोंडाशी कमान आणि तिच्यावर दोन घोडे हवे होते. "घोडे कशाला?" अक्का म्हणाली. "मोटारी आहेत त्या पुरेत."

पापनाशमकडची एक तरुण इंजिनीयर बाई आली होती. तिने अक्काला आजी मानून तमिळमध्ये विचारलं, "पाट्टी, दिवसाला गाड्या किती जातात?"

"मला गाड्या मोजता येत नाहीत, अम्मा," अक्का उभी राहिली. "माझी लेक लहान होती तेव्हा जेवणं उरकली तरी रांगोळीचं कोलम जागेवर असायचं. आता माझी काप्पी संपायच्या आत जातं. रस्ता रुंद केलास तर काढून होण्याआधीच जाईल."

मंडपात हशा पिकला. इंजिनीयर हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः तिण्णैवर येऊन बसली आणि डबराभर काप्पी संपेपर्यंत पाहत राहिली. मग हलकेच म्हणाली, "पाट्टी, वळण राहू दे, तिण्ण्याही राहू देत. त्यासाठी मी भांडेन. पण तुमच्या तिण्णैच्या या कोपऱ्याआडून येणारी गाडी दिसत नाही. त्या मामांना म्हणूनच..."

अक्काचा नवरा संध्याकाळी त्याच कोपऱ्याला टेकून बसायचा. त्याच्या पाठीने दगड गुळगुळीत झाला होता. ती त्यावर हात फिरवत राहिली. मग उठून म्हणाली, "सरी, चालेल. माझा कोपरा घे. बाकीच्यांच्याला हात लावूं नको."

कोपरा गोल झाला. वळण राहिलं, रस्ता चाकांना जरा खडबडीत अशा फरशीचा झाला आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी खांब आले. घाईतल्या गाड्या मोठ्या रस्त्याने जाऊ लागल्या. एक दिवस चार वाजता वीणामामा काठी टेकत निघाले. गल्लीच्या मधोमध थांबले, दोन्हीकडे पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "रोप मीच दिलं होतं!" अक्काने घाईघाईने पदर डोळ्यांना लावला आणि मग तोंड सोडलं.

मागच्या वर्षी लेक तिला कोइमतूरला घेऊन गेली. पाचव्या मजल्यावर घर, दाराबाहेर लिफ्ट. जाताना पिठाचा डबा तिने माझ्या हातात दिला. मला धड वर्तुळही येत नव्हतं, पण आता त्या दारात रोज मी काढते. तिची फार आठवण येते. दुपारी बाराला तिचा फोन येतोच.

"आहे का गो?"

परवा मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "अक्का, कालचीसुद्धा अजून आहे! एक पाकळी गेली नाही, म्हणून आज नवी काढलीच नाही."

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"अय्यो! पडू दे की कोणाचा पाय तिच्यावर," ती म्हणाली. "जा, वीणामामांना हाक मार."