ठिणगी

कोर्टात अकराला पोचायचं होतं आणि स्कूटर वाटेतच बंद पडली. मागे सुनंदा बसली होती, माझी बायको. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला आम्ही एकाच गाडीवरून निघालो होतो, कारण त्या दिवशी रिक्षांचा संप होता.

ढकलत गाडी गॅरेजपर्यंत नेली. मेकॅनिकने प्लग काढून दाखवला. टोक काजळीने काळं पडलं होतं.

"ठिणगीच पडत नाही, साहेब. साधा टाकू की भारीतला? भारीतला तीन वर्षं बघायला नको."

मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. तीन वर्षांचं काय, मला पुढच्या तासाचंही सुचत नव्हतं. "कुठलाही टाका, पण लवकर."

फाइल छातीशी धरून उभी असलेली सुनंदा म्हणाली, "भारीतला टाका. येताना यांना एकट्यालाच यायचंय."

मेकॅनिक हसून कामाला लागला. मला मात्र तिथे उभं राहवेना. नातं संपवायला निघालेल्या माणसात ही काळजी कुठे शिल्लक राहते? सवयीत? की सह्या करूनही जी सुटत नाही अशा एखाद्या जागी? विचारावंसं वाटलं. तेवढ्यात पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

आम्ही वेळेवर पोचलो. सह्या झाल्या. सुनंदा भावाबरोबर गेली.

परतताना गाडी एकदाही अडली नाही. प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं, आता तरी बंद पडावी.