वडाला नवऱ्याचा टेकू

वटपौर्णिमेला तुळिंजच्या बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग दिसले की माझं डोकंच फिरायचं. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून झाडाचं आयुष्य कापायचं, हे कुठलं व्रत? एकदा हे मी शेजारच्या काकूंसमोर बोलून गेले. त्या म्हणाल्या, "मग लाव की तूच एक वड!" लावला. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमागच्या बोडक्या टेकडीवर, सगळ्या बायकांना घेऊन. जगला तर पुढच्या वर्षापासून कुणी फांदी आणायची नाही, असं ठरलं. मेला तर काकू मला जन्मभर ऐकवणार, हे न ठरवताही ठरलेलं होतं.

उन्हाळाभर पाणी कोण घालणार? आमचे हे! दोन्ही हातांत कॅन, धापा टाकत चढायचे. "माझं आयुष्य वाढवायला लावलायस की मला लवकर पोचवायला?" असं रोज कुरकुरायचे. मग हळूहळू त्या रोपाशी गप्पा मारायला लागले. माझ्याशी कधी मारल्या नाहीत इतक्या! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

वटपौर्णिमा आली. वड जेमतेम कमरेएवढा, आणि आम्ही नथी घालून टेकडीवर हजर. हे कॅन घेऊन आधीच पोचलेले. रोपाभोवतीची जाळी बघून काकू कडाडल्या, "दोरा खोडाला लागायला हवा. जाळीला गुंडाळून सात जन्म जाळी मागायची का?" जाळी काढली. काकूंनी पहिलाच फेरा मारला, दोरा ताणला आणि रोप वाकलं.

"अहो काकू, मोडेल!" हे केवढ्यांदा ओरडले! धावत येऊन रोपापाशी फतकल मारली आणि खोड छातीशी धरलं. "आता गुंडाळा काय ते. ह्याला धक्का नको."

मग काय, अख्ख्या बिल्डिंगनं ह्यांना गुंडाळलं! दोरा कानावर, चष्म्यावर, नाकावर. हळदकुंकू थेट टकलावर. ह्यांनी खोड काही सोडलं नाही. काकू खिदळत म्हणाल्या, "अगं, तुझा नवरा आता आम्हा सगळ्यांचा गं, सात जन्म!" मी अशी भडकले म्हणून सांगू!

माझा फेरा शेवटी. दोऱ्यांतून मान काढून ह्यांनी विचारलं, "पान पडलं का गं एखादं?"

"एकही नाही," मी म्हटलं.

इतकी वर्षं मी सात जन्म हाच नवरा नुसतं सवयीनं मागत होते. त्या दिवशी मनापासून मागितलं. अगदी हळू आवाजात, काकू मागेच उभ्या होत्या.