तोरणाचं भोक

दर दसऱ्याला बाबा आमच्या ट्रेलरच्या दारावर तोरण बांधतात. गाडीमागे जोडायचं हे चाकांवरचं छोटं घर त्यांनी निवृत्तीनंतर घेतलं. तोरणासाठी पत्र्यात स्क्रू मारायचा, नंतर तो काढून पाणी आत जाऊ नये म्हणून भोक सीलंटने बुजवायचं, ही त्यांची पद्धत.

उद्या आईला घेऊन ते कोकणात निघणार होते, म्हणून आज मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ट्रेलर बाहेरून तपासला. टायर, दिवे, छताचे सांधे ठीक होते.

"मी कालच सगळं बघितलंय," बाबा म्हणाले. "तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चूक सापडल्याशिवाय जेवण जात नाही का?"

दारावरचं गेल्या दसऱ्याचं भोक उघडंच होतं. सीलंट व्यवस्थित लावलेलं होतं, पण अर्धा इंच बाजूला. आतलं प्लायवूड भिजून मऊ पडलं होतं.

मी बाबांना दारापाशी घेऊन गेले. त्यांचं बोट धरून आधी सीलंटवर ठेवलं, मग भोकावर.

त्यांनी भोक बोटाने पुन्हा चाचपलं. मग खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"आईला सांग, तुला रजा मिळाली, म्हणून तू चालवणार आहेस."

मी भोक बुजवलं आणि रजेचा मेल पाठवला. आईला खरं कारण, बाबांच्या डोळ्यांचं, अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?