मच्छी कामगारांच्या झेंड्याचा रंग

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेजच्या कामात काही चुकलं तर काय करायचं, हे विचारायला घरात कुणी नाही. इतिहासाच्या मॅडमनी प्रदर्शनासाठी विषय वाटले तेव्हा साड्या आणि हिरे आधीच संपले होते. माझ्या वाट्याला हजीऱ्याकडच्या मच्छी कामगारांची युनियन आली. मी पांडेसऱ्यातल्या मिलांच्या वस्तीत वाढलेली. समुद्र दोनदाच बघितलेला, तोही डुमसला भजी खायला गेलो तेव्हा.

खाडीकाठी युनियनची पत्र्याची खोली आहे. वयाने ऐंशीच्या आसपासचे जुने प्रमुख रोज तिथे येऊन बसतात. पहिल्या दोन खेपांना त्यांनी मला फक्त चहा पाजला. तिसऱ्या खेपेला पेटी उघडली. आत पत्र्याचे बिल्ले होते, अंगठ्याच्या ठशांनी भरलेली सभेची वही होती, आणि बोटीबोटींना संपाची हाक द्यायला वाजवलेला भोंगा होता. बोटीवर प्रत्येक खलाशाला तरंगायचं जॅकेट मिळावं म्हणून तो संप झाला होता. "बोटी खाडीत नुसत्या डुलत होत्या," ते गुजरातीत म्हणाले. "मालकच रोज त्या मोजायला यायचे. आणि शेवटी जॅकेटं आली."

तळाशी झेंडा होता. सुती, विटलेला, मधोमध पांढऱ्या दोऱ्याने भरलेली होडी. तो माझ्या हातात देताना ते म्हणाले, "दीकरी, जसा नेतेस तसाच परत आण."

मी हो म्हटलं. प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'युनियनचा लाल झेंडा'. मॅडमनी बजावलं होतं की जुनं कापड धुवायचं नाही, म्हणून मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला.

शनिवारी कॉलेजातून आले तर पप्पा दारातच उभे. ते रंगाईच्या मिलमध्ये कापड रंगवायचं जिगर मशीन चालवतात. हातात झेंडा होता आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला आधी काही कळलंच नाही.

"देख पोरी, कसा रंग चढना!" ते गावाकडच्या बोलीत म्हणाले.

झेंडा गडद तपकिरी झाला होता, थोडी लाल झाक असलेला.

"पप्पा, हे काय केलंत?"

"कॉलेजमा असा विटेल झेंडा लई जाशी का? लोक काय म्हनतीन?"

मी रडायला लागले तेव्हा त्यांचं हसू गेलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "धुवू नका असं मी सांगितलं होतं. रंगवू नका हे सांगायचं मला सुचलंच नाही. आधी त्यांच्याकडे जा आणि खरं सांग. त्यांनी नाही म्हटलं तर तुझं टेबल रिकामं राहील."

टेबलाचं मला तितकं वाटत नव्हतं. मी शब्द दिला होता, आणि तो मोडला होता.

पप्पा म्हणाले, "चूक मन्ही शे. मी बी तुन्हासंगे येस." रविवारी आम्ही बसने निघालो. कारखान्यांच्या चिमण्या मागे पडेपर्यंत मी काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

खोलीत प्रमुख होते. शेजारी एक आजी कोळंबी निवडत होत्या. मासळी निवडणाऱ्या बायकांच्या त्या जुन्या पुढारी. मी वाक्य पाठ करून नेलं होतं, पण अर्ध्यातच अडखळले. मग झेंडाच पुढे केला.

प्रमुख उठले, तो घेऊन दारात उन्हात गेले. बोटांनी चाचपला, नाकाला लावला. मला वाटलं, आता ओरडतील.

"हा रंग कोणी निवडला?"

पप्पा हिंदीत म्हणाले, "मीच, साहेब. चार बोटं शिवण उसवून आत बघितलं. तिथे ऊन पोचलं नव्हतं. आतला रंग लाल नव्हता, असा होता. मिलच्या लॅबमध्ये तीनदा शेड जुळवली, तेव्हा बसला."

म्हातारे दारातच खाली बसले. मग जे सांगितलं ते मी तीन खेपांत विचारलंच नव्हतं. पूर्वी जाळी सुती असायची. ती कुजू नयेत म्हणून हंगामाआधी झाडाची साल उकळून मोठ्या भांड्यात रंगवायची. त्याच भांड्यात दरवर्षी झेंडाही बुडवायचा. नायलॉनची जाळी आली, भांडं विकलं गेलं, आणि झेंडा तेव्हापासून विटत राहिला. होडी पहिल्या नायलॉनच्या दोऱ्याने भरलेली होती. म्हणूनच पप्पांचा रंग तिला लागला नव्हता.

"रंग तोच आहे," ते म्हणाले. "फक्त सालीचा वास नाही."

"वास आमच्या मिलमध्येही असतो," पप्पा म्हणाले. "पण तो तुम्हाला नको."

प्रमुख हसले. आजींनी मात्र कोळंबीतून मान वर केली नाही. "आणि नियमाचं काय? झेंडा सभासदच रंगवतो. बाहेरच्याने हात लावायचा नाही."

"मग काय करू या? धुवून काढू?" प्रमुखांनी विचारलं.

"धुवायला अक्कल लागत नाही. ह्यालाच सभासद करा."

वहीत पप्पांनी सही केली. ते सावकाश सही करतात, एकेक अक्षर जोडत. आजींनी हात पुसून पेटीतला बिल्ला काढला आणि त्यांच्या शर्टाला लावला. "हा मिलमध्ये हरवलास तर दुसरा मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

प्रदर्शनाला खलाशी आले, आजी आल्या, निवडणाऱ्या बायका आल्या. मॅडमनी माझी चिठ्ठी फाडून दुसरी लिहायला लावली. तिच्यात झेंडा नव्याने रंगवला आहे हेही लिहायचं आणि कोणी ते काम केलं हेही. "चूक लपवायची नाही," त्या म्हणाल्या, "आणि कौशल्यही नाही."

प्रमुखांना झेंडा टेबलावर आडवा बघवेना. दोन खलाशी खुर्च्यांवर चढले आणि त्यांनी तो गॅलरीच्या कठड्याला बांधला. खालून घोषणा झाली. सगळ्यांबरोबर माझाही आवाज निघाला, मला वाटला त्याहून मोठा.

पप्पा आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या इमारतीत आले होते. आधी ते दाराजवळच उभे होते. थोड्या वेळाने बघते तर त्यांच्याभोवती माझ्याच वर्गातल्या मुली, वह्या उघडून. एकीने विचारलं, "काका, रंग किती दिवस टिकेल?"

पप्पांनी बिल्ला सरळ केला.

"आमच्या युनियनमध्ये," ते म्हणाले, "झेंडा दरवर्षी रंगवतात."