रूम चालू, लूम बंद

आमच्या घराण्यातल्या फक्त एकाच माणसाचं नाव आजवर राष्ट्रीय पातळीवर गेलं आहे. ते माझं. बंदी घातलेल्यांमध्ये.

गैरसमज नको. मी पैसे खाल्लेले नाहीत, उत्तेजक औषधं घेतलेली नाहीत (मला बी.पी.ची गोळीसुद्धा बायकोनं हातावर ठेवली तरच आठवते), आणि मुख्य म्हणजे ज्या खेळात माझ्यावर बंदी आली, तो खेळ मी जन्मात खेळलेलो नाही. तरी आली! आणि त्या बंदीवर सही कुणाची? माझ्या पोटच्या पोरीची!

पोरीचं नाव वैष्णवी, घरात वैशू. पुण्याला मॅनेजमेंट शिकली आणि आमच्या सीमाभागातल्या वडगावला परत येऊन जेवताना म्हणाली, "आप्पा, मी ई-स्पोर्ट्सचा धंदा उभा करणार."

"म्हंजे? पोरं मोबाईलवर ठो-ठो करत्यात ते?"

"तेच. पण नियमानं."

माझा थोरला भाऊ, अण्णा, समोर बसला होता. त्यानं भाकरी ताटात ठेवली. "जुगार हाय त्यो! पोरगीला पुण्याला घालून तू जुगार शिकवलास व्हय रं?"

"थोरले आप्पा, पैसे लावायचे खेळ वेगळे, हा वेगळा," वैशू म्हणाली. "हा खेळ म्हणून सरकारनं मानलाय. पण नुसतं मानून काय? आज कुणीबी उठतंय, स्पर्धा भरवतंय, बक्षीस जाहीर करतंय आणि फोन बंद करून बसतंय. आमच्या पोरांनी जिंकायचं आणि टाळ्या घेऊन घरी यायचं! खेळाडूला करार पाहिजे, पंच पाहिजे, तक्रार ऐकायला कोणतरी पाहिजे. ते झालं तरच हा धंदा टिकणार. न्हायतर चार दिवसांची जत्रा."

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी आमटीत पाहिलं. पण खरं सांगू? मला ते पटलं होतं. साड्यांच्या धंद्यात आम्ही हेच भोगलं होतं. विणायचं आम्ही, आणि भाव ठरवायचा भलत्यानंच.

शेवटी बापलेकीत एक तह झाला. बेंगळूरहून एक निरीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर जिल्ह्याची अंतिम लढत नीट पार पडली, तर वैशूनं काढलेल्या जिल्हा असोसिएशनला राष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळणार आणि इथल्या पोरांना इथूनच देशपातळीवर खेळता येणार. नाही पार पडली, तर वैशूनं गाशा गुंडाळून पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं. पोरगी पुण्याला गेली की दिवाळीला येते, दोन दिवस झोपते आणि जाते. मला ते नको होतं. म्हणून मी असोसिएशनचा अध्यक्ष झालो.

मला अनुभव होता ना! विणकर सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी. (सर्वसाधारण सभेला माणसं यायची ती शेवटी मिळणाऱ्या खव्याच्या कुंद्यासाठी. एका वर्षी मी कुंदा आधी वाटला आणि अहवाल भिंतींना वाचून दाखवला.) त्यामुळे नियमावली करायला बसलो तेव्हा मला जोर चढला. मुख्य पंच होती बेळगुंदीची साक्षी. घरची शेती, नोकरी शहरात, आणि चेहरा असा की समोरचा आपणहून लायसन्स काढून दाखवेल. तिनं एक नियम वाचला, "खेळ बंद पाडणाऱ्याला एक हंगाम बंदी."

मी टेबलावर हात आपटला. "एवढ्यावर भागणार न्हाय! पुढं लिही, 'तो कुणीही असो, अध्यक्ष असला तरी'! लोकांना कळू दे, हितं वशिला चालत न्हाय!"

साक्षीनं लिहिलं. वैशूनं टाळ्या वाजवल्या. मी छाती फुगवून दुसरा चहा मागितला.

आता जागा. आमच्या घराच्या माडीवर मोठा हॉल आहे, खाली माग. वर खेळायचं, तर खाली माग बंद पाहिजेत. अण्णा भडकला.

"लग्नसराईत माग बंद? खेळासाठी? वडील गेले त्या दिवशीबी दुपारपत्तोर एक माग चालू होता!"

"अण्णा, एकच दिवस. खेळ संपला की मी वरनं 'लूम चालू' म्हणून वरडतो. तू लगेच खटका वर कर."

"संपला की लगेच?"

"लगेच."

"माणसं मागावर उभी करून ठेवतो. एक मिनिट फुकट घालवणार न्हाय."

"नको घालवू," मी म्हणालो.

इकडे वैशूनं माझ्यासाठी एक मान राखून ठेवला होता. या खेळात सगळे खेळाडू एकत्र भेटायला फोनमध्ये एक 'रूम' उघडतात. पंच ती उघडतो, सगळे आत आले की सुरू करतो, की लढत चालू. फीत कापण्याऐवजी अध्यक्षांनी माईकवर 'रूम चालू' अशी घोषणा करायची, मग साक्षी बटण दाबणार. मी आठवडाभर सराव केला. अंघोळ करताना, स्कूटरवर, देवापुढेसुद्धा. बायको म्हणाली, "हळू म्हणा की, शेजारीण विचारत होती, रूम भाड्यानं द्यायचीय का म्हणून."

पण हळू कसं म्हणणार? जन्म मागाच्या आवाजात गेलेला. मी कुजबुजलो तरी पलीकडच्या शहापूरला ऐकू जातं. अण्णाचं उलटं. त्याच्या कानांनी मागाशी इतकी वर्षं संसार केला, की आता त्यांना दुसऱ्या कुणाचं नीट ऐकूच येत नाही.

रूम आणि लूम. हे दोन शब्द मी आठवडाभर एकाच तोंडात बाळगून हिंडलो आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही!

रविवार उजाडला. एका बाजूला वडगावचा संघ, दुसऱ्या बाजूला सांबऱ्याचा. वडगावच्या पोरांना जर्सी मी स्वतः मागावर विणून दिली होती, मोरपंखी, जरीकाठाची. (पोरं घामानं निथळत होती. एकजण मानेला खाज सुटली म्हणून नख मारत होता. पण दिसत होती नवरदेवासारखी!) निरीक्षक साहेब आले. उंच, सडपातळ, ओठ मिटलेले. कन्नड आणि इंग्रजी, तिसरी भाषा नाही. चहा दिला तर घोट घेऊन खाली ठेवला. कुंदा दिला तर "बेड री" म्हणाले, म्हणजे नको.

वैशूनं माझ्या सदऱ्याला बिनवायरचा छोटा माईक अडकवला. "आप्पा, फक्त दोन शब्द. भाषण नको."

"दोनच," मी म्हणालो. आणि छाती भरून, हॉलच्या चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांमधून, असा गर्जलो, "रूम चालूऽऽ!"

साक्षीनं बटण दाबलं. लढत सुरू झाली. आणि खाली अण्णानं खटका वर केला.

खटाक-खट! खटाक-खट! एक नाही, दोन नाही, सगळे माग! जिवाला जपून चालवतात तसे नव्हे, सकाळपासून थांबलेल्या माणसांनी चिडून चालवावेत तसे! जमीन हादरायला लागली. फोन टेबलावर आपोआप सरकायला लागले. साहेबांचा चहा बशीत उतरला. खेळाडूंना खेळात शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकावा लागतो. सांबऱ्याचा कप्तान कानावरचे हेडफोन दाबून किंचाळला, "पावलं न्हाय हो, आगगाडी ऐकू याय लागली!"

मी जिन्याकडे धावलो. वय झालंय, गुडघे बोलतात, पण त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरलो. आणि उतरता उतरता ओरडत होतो, "लूम बंद! लूम बंद! बंद करा म्हणतोय न्हवं!"

माईक सदऱ्याला तसाच होता.

वर हॉलमध्ये मागांच्या गदारोळात स्पीकरमधून अध्यक्षांचा हुकूम आला, 'रूम बंद'. साक्षी शिस्तीची मुलगी. तिनं रूम बंद केली. दोन्ही संघ, ऐन लढाईतून, बाहेर!

म्हणजे 'रूम चालू' म्हणालो तेव्हा लूम चालू झाले, आणि 'लूम बंद' म्हणालो तेव्हा रूम बंद झाली. याला म्हणतात संपूर्ण अपयश, एकही बाजू न सोडता!

खाली मी स्वतःच खटका पाडला. एकदम शांतता झाली.

"आत्ताच तर चालू म्हणालास!" अण्णा कडाडला.

"रूम म्हणालो! रूम!"

"लूमच म्हणतोय की मी!"

"अण्णा, खेळ चालू झालाय, संपला न्हाय!"

"मग संपव की! किती लाड करणार पोरगीचे? जाऊ दे तिला पुण्याला. हितं काय ठेवलंय तिच्यासाठी?"

तेव्हा माझं टाळकं सरकलं. अण्णासमोर मी जन्मात आवाज चढवला नव्हता (म्हणजे मागाच्या वर चढवला नव्हता), तो चढवला. "हितं काय ठेवलंय? हितंच सगळं ठेवलंय! आपल्याला बानं मागावर बसवलं, आपण बसलो. कुणी विचारलं न्हाय. ही पोरगी स्वतःचा माग स्वतः उभा करायला लागलीय. नियम करून, करार करून, पोरांच्या कष्टाला भाव मिळावा म्हणून! आपल्याला जमलं व्हय ते? ती कुठं जात न्हाय! आणि तो बेंगळूरचा वर येऊन बसलाय न्हवं, एरंडेल प्यायल्यागत तोंड करून, त्यानं शिक्का देऊ दे न्हायतर न देऊ दे! हितंच खेळणार आमची पोरं!"

अण्णा गप्प झाला. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं. पण तो माझ्या सदऱ्याकडे बोट दाखवत होता. "त्यो लाल दिवा कसला रं?"

माईक चालूच होता! वर जिन्याच्या तोंडाशी वैशू उभी होती. ती रडत होती की हसत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच म्हणाली, "आप्पा, सगळ्यांनी ऐकलं. वर या."

वर गेलो. साहेब बॅग आवरत होते. "आगल्ल री," ते वैशूला म्हणाले. जमणार नाही. अध्यक्षच खेळ बंद पाडतो, ही कसली असोसिएशन?

वैशूचा चेहरा उतरला. मी पुढे सरसावलो. "जमणार कसं न्हाय? खेळ परत होणार! आत्ता! साक्षी, चालू कर!"

साक्षीनं शांतपणे नियमावली उघडली. "खेळ परत होईल. बाहेरच्या कारणानं थांबला तर तसा नियम आहे. पण त्याआधी दुसरा नियम." तिनं वाचलं, "खेळ बंद पाडणाऱ्याला एक हंगाम बंदी."

"बरोबर! कुणी बंद पाडला?" मी जोरात विचारलं.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"अगं, मी अध्यक्ष हाय!"

"'तो कुणीही असो,'" साक्षी वाचत राहिली, "'अध्यक्ष असला तरी.' हे वाक्य तुम्हीच घातलंय, काका. टेबलावर हात आपटून."

मी वैशूकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरलेले होते, पण पेन सरळ धरलेलं होतं. तिनं सही केली, तशी साहेबांनी आवरलेली बॅग परत खाली ठेवली. मग वैशूनं माझ्या सदऱ्याचा माईक काढला आणि मला, माझ्याच घरात, माझ्याच माडीवरून, दाराबाहेर काढलं! राग आला का? आला. आणि त्या रागातसुद्धा एवढा अभिमान वाटला, की जिना उतरताना मला कठडा धरावा लागला.

खाली अण्णानं मला बाकड्यावर जागा दिली. स्वतः खटक्यासमोर पाठ लावून उभा राहिला. "आता कोण माग चालू करतोय बघतोच," तो म्हणाला. आम्ही दोघे मुके माग बघत बसलो. वर आरडाओरडा, शिट्ट्या, टाळ्या. शेवटी आमचं वडगाव हरलं. (जर्सीमुळे नाही. खाजेमुळे, असं त्यांचं म्हणणं.) पण लढत एकदाही अडखळली नाही.

साहेब जिना उतरून आले. माझ्यासमोर थांबले. मी मान खाली घातली. आणि मग, सकाळपासून कन्नड-इंग्रजीशिवाय न बोललेला तो माणूस चक्क मराठीत म्हणाला, "अध्यक्ष, मी निपाणीचा हाय. एरंडेल बास झालं. आता कुंदा द्या की."

कुंदा खाता खाता त्यांनी सांगितलं, की देशभर असोसिएशन्स बघत हिंडतो, नियम सगळ्यांकडे असतात, छापलेले, गुळगुळीत. पण स्वतःच्या बापाला लागू केलेला नियम आजच पाहिला. महिनाभरात मान्यता आली. वैशू वडगावातच राहिली. आणि मान्यता आली त्याच दिवशी, राष्ट्रीय संघटनेच्या शिस्तीनुसार, माझी जिल्ह्याची बंदी आपोआप देशभर लागू झाली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आता मला कुठंही 'रूम चालू' म्हणता येत नाही.

मी माफी मागितली नाही, अपील केलं नाही, करणारही नाही. परवा शहापूरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारचे गृहस्थ आपल्या मुलाचं कौतुक सांगत होते, राज्यपातळीवर खेळतो, अमुक खेळतो, तमुक खेळतो. मी शांतपणे भाताला आळं केलं आणि म्हणालो, "मला देशभर बंदी हाय."

त्यांचा घास हातातच राहिला. "म्हंजे तुम्ही एवढं भारी खेळत होता?"

मी मिशीवरून बोट फिरवलं. "मग? उगंच घालत्यात व्हय?"