शिमग्याचं काम

अविनाशचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते, एक चप्पल पायात आणि दुसरी शोधत होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आदल्या दिवसापासून दवाखान्यात होता, पण दम लागतोय, सलाईन लावलंय, एवढंच मला ठाऊक होतं. "आत्या, पप्पा गेले," अविनाश म्हणाला. अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मी त्याला विचारलं, "नेलं कशातून होतं?" तो म्हणाला, "आपल्याच पिकअपमधून. जालना रोडला लई गर्दी व्हती, पण गाडी जरापण तापली नाय, आत्या." आणि मग तो रडायला लागला. त्याला आता दोन महिने होत आले. दादा म्हटला की मला अजून तेच वाक्य आठवतं… गाडी तापली नाही.

तापणारच नव्हती. दादा त्या पिकअपला जसा जपायचा तसा त्याने आम्हां बहिणींनाही जपलं नाही, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो खुशाल हसायचा. पाचोडची मोसंबी भरून शहरात आणायची, उतरवायची, परत जायचं, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. गाडी जुनी, दाराला आतून तार बांधलेली, सीटवर वहिनींची जुनी सतरंजी. पण इंजिन असं की चालू करून माणसानं तिथं झोप काढावी. त्याचं कारण होतं शिमग्याचं काम. होळीच्या आधीच्या रविवारी, ऊन तापायच्या आत, चिकलठाण्याच्या घरासमोर दादा गाडीचं जुनं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, काढून टाकायचा, आतून पाणी मारून सगळं धुवायचा आणि नवं भरायचा. गॅरेजवाल्याला त्यानं कधी हात लावू दिला नाही.

ते काम तो पूजेला बसल्यासारखं करायचा. गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी हवी. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे सांगताना तो आपल्या मनगटावरचा पांढरा डाग दाखवायचा. मग खाली घमेलं सरकवायचं, रेडिएटरचा कॉक, म्हणजे तळाची तोटी, सोडायचा. वर्षभराचं कुलंट चहासारखं होऊन धारेनं खाली यायचं. ते घमेलं भरलं रे भरलं की त्यावर फळी, फळीवर दगड. "गोड असतंय ते," तो म्हणायचा. "कुत्रं चाटून जातंय, तवा काय होत नाय. दोन दिवसांनी मरून पडतंय." एकदा गल्लीतली कुत्री तशी गेली होती. तिची पिल्लं दादाच्याच ओसरीत वाढली. मग पाइप लावून पाणी सोडायचं, आणि ते तळातून निवळशंख येईस्तोवर थांबायचं नाही. आता आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं हे मी सांगायला नको. वहिनींनी पिंपं भरून ठेवलेली असायची आणि हा माणूस त्यातलं पाणी गाडीला पाजायचा. "बोअरचं मारा की," वहिनी ओरडायच्या. "बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतो," दादा म्हणायचा. स्वतः मात्र तो आयुष्यभर शेतातल्या बोअरचंच पाणी प्यायला, कॅन भरून आणून. शहराच्या पाण्याला चव नाही म्हणे.

शेवटी तो झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचा आणि नुसता बघत राहायचा. आतली हवा बुडबुड्यांनी निघून जायची, पातळी खाली बसायची, तो थोडं थोडं भरत राहायचा. मागच्या शिमग्याला मीही तिथं होते. गंगापूरकडे काळीपिवळी जीप चालवणारा त्याचा एक दोस्त आदल्या संध्याकाळीच आपली गाडी घेऊन मुक्कामाला आला होता, तिचंही पाणी बदलून दे म्हणून. दादानं तिचं झाकण काढलं, इंजिन चालू केलं आणि पाण्यावर फेस चढला. बारीक, पांढरा, फुंकला तरी न हटणारा. दादानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "गड्या, ही आतून गेली."

"अरे पण चालती की! कालच दहा शिटा घेऊन आलो," दोस्त म्हणाला.

"चालंल. काय दिवस चालंल. फेस दिसला की समजायचं. वरून कितीबी पाणी घाल, काय उपेग नाय."

दोस्त हसत गाडी घेऊन गेला. पावसाळ्याच्या तोंडावर ती जीप भर रस्त्यात जाम झाली ती कायमची. मला तेव्हा दादाचं कौतुक वाटलं. आता तो उघड्या रेडिएटरवर वाकलेला आठवला की अंगावर काटा येतो.

गणपतीत त्याचे पाय सुजले. मी बोट दाबून पाहिलं तर खळगा तसाच राहिला. "दिवसभर पाय लोंबकळत असतात, दुसरं काय," म्हणाला. जेवण कमी झालं होतं, चेहरा सकाळी फुगलेला दिसायचा. दवाखान्याचं नाव काढलं की "मोसंबी उतरू दे" हे ठरलेलं उत्तर. भाऊबीजेला मी गेले तेव्हा तो अंगणात पायरीवर बसला होता, भिंतीला टेकून, धापा टाकत, आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. कंपाउंडच्या भिंतीवर घमेलं पालथं घालून ठेवलेलं, त्यातून पाणी निथळत होतं. "दिवाळीत कसली रे धुणीभांडी?" मी म्हटलं. "हाये थोडं काम," तो म्हणाला, आणि ओवाळून घ्यायला उठला. उठताना त्यानं माझा खांदा धरला. एवढं वजन त्यानं माझ्यावर कधीच टाकलं नव्हतं.

तो गेला त्या सकाळी डॉक्टर वहिनींना म्हणाले, "दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. हे आजचं नाही, वर्षभर तरी चाललेलं असणार. लघवीला फेस येत असेल, सूज असेल… त्यांनी घरात काहीच सांगितलं नाही?" वहिनींनी नकारार्थी मान हलवली. तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. येईल त्याला त्या सांगायच्या, "ह्यांना कळलंच नाय हो. कळलं असतं तर मला बोलले असते. माझ्यापासून काय लपवलं नाय ह्यांनी." मी प्रत्येक वेळी "व्हय वहिनी" म्हणायची. जीपच्या पाण्यावरचा तो फेस माझ्या डोळ्यांपुढं होता, पण तो त्यांना दाखवायची माझी छाती नव्हती.

मागच्या रविवारी त्यांनीच मला बोलावून घेतलं. "ताई, ह्यांचं शिमग्याचं काम राहिलंय. अविनाशला मोसंबी आणायला पाचोडला जायचंय, उन्हात गाडी तापली म्हंजी?" पिंपं भरलेली होती. या वेळी वहिनींनी कुरकुर केली नव्हती, कोपऱ्यात नव्या कुलंटचा डबासुद्धा आणून ठेवला होता. अविनाशनं बापासारखंच घमेलं सरकवलं, गाडीखाली शिरला आणि कॉक सोडला.

धार खाली आली ती हिरवीगार. चहाचा रंग नाही, गंज नाही, तळाला कण नाही. अविनाशनं पटकन कॉक बंद केला आणि तो तसाच आडवा पडून राहिला.

"आत्या," तो गाडीखालून म्हणाला, "हे तर नवंच हाये."

कोणी बदललं असेल हे विचारायची गरज नव्हती. मला भिंतीवरचं पालथं घमेलं दिसलं, ओल्या बाह्या दिसल्या. मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "दिवाळीत. मी फराळाचं बघत व्हते. म्हणलं, आत्ता कशाला, शिमग्याला करा की. तर म्हणले, करून ठेवतो. मला वाटलं, दम लागत व्हता तर राहूनच गेलं असंल." मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजी ह्यांना ठावं व्हतं… शिमग्याला आपण नाय."

अविनाश बाहेर आला. आम्ही तिघंही त्या घमेल्याकडे बघत उभे होतो. मला दादाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला हलवून विचारलं असतं, अरे, गाडीला एवढं कळलं तुला, आणि हिला एक शब्द सांगता आला नाही? अजून येतो राग. मरण पाहून ठेवलं आणि कुणाला न सांगता पाण्याची पिंपं रिकामी करत बसला.

अविनाशनं कुलंट फडक्यातून गाळून परत भरलं, इंजिन चालू केलं आणि झाकण न लावता वाकून पाहत राहिला. बराच वेळ गेला. "फेस नाय," तो म्हणाला. वहिनींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी रिकामं घमेलं उचललं, नळाच्या पाण्यानं धुतलं, भिंतीवर पालथं घातलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते पुन्हा खाली घेतलं, जमिनीवर ठेवलं, त्यावर फळी ठेवली आणि फळीवर दगड.